आई-अण्णांना घेऊन पानगळ बघायला: न्यू जर्सी ते न्यू हॅम्पशायर

७ ते ११ ऑक्टोबर २०२४ या पाच दिवसांत मी आई-अण्णांना न्यू हॅम्पशायर आणि व्हरमॉन्टची पानगळ, म्हणजे गळण्याआधी लाल-पिवळी होणारी झाडं, दाखवून आणली. नवऱ्याला सुट्टी नव्हती, मुलाची शाळा होती. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून परत येईपर्यंतचे साधारण ९०० मैल गाडी मी एकटीने चालवली. ज्यांचे आई-वडील सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत आलेत आणि ज्यांना हायवेची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवते आहे. मला असं कुणी आधी सांगितलं असतं तर जूनपासूनची निम्मी काळजी वाचली असती.

मी गाडी फार उशिरा शिकले. डिपेंडंट व्हिसावर असल्याने ते वर्षानुवर्षं लांबणीवर पडत गेलं. नोव्हेंबर २०२२मध्ये शिकाऊ परमिट काढलं. फी १० डॉलर, डोळ्यांची तपासणी आणि ५० प्रश्नांची लेखी परीक्षा, त्यात ४० बरोबर यावे लागतात. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पत्त्याचा पुरावा असं सगळं एका फाइलमध्ये घेऊन जा. एक कागद कमी पडला की पुन्हा अपॉइंटमेंट घेण्यापासून सुरुवात. पहिल्या रोड टेस्टला मी नापास झाले, दुसऱ्यांदा मे २०२३मध्ये पास. त्यानंतर वर्षभर शाळा, वाणसामान आणि देऊळ एवढंच चालवत होते.

अण्णा ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते, सातारा डेपोला. पसरणीचा घाट त्यांनी पावसात, धुक्यात, रात्रीअपरात्री उतरवला आहे. आता वय ७२, स्वतःचा परवाना त्यांनी पुन्हा काढलाच नाही. इथे ते माझ्या शेजारच्या सीटवर बसणार आणि मी चालवणार. खरं सांगते, हायवेपेक्षा मला त्याचंच जास्त दडपण होतं.

तारखा ठरवताना मी मोठी चूक केली. जूनमध्येच, आई-अण्णा यायच्या आधी, मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं एक मोटेल बुक केलं. स्वस्त पडत होतं म्हणून पैसे परत न मिळणारं घेतलं, १८६ डॉलर. ऑगस्टमध्ये आई आली आणि तिने भिंतीवरचं पंचांग बघून विचारलं, "अगं, तो तर पितृपक्ष. त्याच आठवड्यात तुझ्या आजोबांची तिथी. अशात फिरायला जायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती येणार नव्हती हे मला कळलं. पैसे बुडाले. पुढचा आठवडा बघितला तर नवरात्र. घट बसवल्यावर घर बंद करून कुणी जात नाही. पण या वर्षी घट साताऱ्याला भावाकडे बसणार होते आणि आई उठता-बसता उपवास करते, त्यामुळे मधले दिवस मोकळे होते. असा ७ ऑक्टोबरचा सोमवार ठरला आणि १२ तारखेच्या दसऱ्याच्या आत घरी यायचं हेही ठरलं. तुम्ही बुकिंग करण्याआधी पंचांग बघा, आणि आई-वडील बरोबर असतील तर चार पैसे जास्त गेले तरी रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. त्या वयात सर्दी-खोकलासुद्धा बेत बदलायला पुरतो.

तारीख पुढे गेल्याने एक गोष्ट चांगली झाली. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली खोऱ्यात उतरत येतो. न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्स डोंगरांत साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस हा भर असतो. दोन्ही राज्यांची पर्यटन खाती या दिवसांत रंगांचे नकाशे आणि आठवड्याचे अहवाल देतात, ते मी रोज सकाळी चहाबरोबर बघायचे. पण एका तारखेच्या मागे लागू नका. वर झाडं ओकीबोकी दिसली तर हजार फूट खाली उतरा, तिथे रंग असतो. खाली हिरवं दिसलं तर वर जा. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार मात्र टाळा. त्या जोडसुट्टीला खोल्यांचे भाव चढतात आणि रस्ते तुंबतात. २०२४ला तो १४ तारखेला होता, आम्ही त्याच्या आधीच्या आठवड्यात मधल्या वारी गेलो.

कागदांचं एक सांगते. अमेरिकेत परदेशी नागरिकांनी आपले इमिग्रेशनचे कागद जवळ बाळगावेत असा कायदा आहे, आणि आपण जातो तो भाग कॅनडाच्या सीमेजवळचा. आई-अण्णांचे पासपोर्ट आणि आय-९४ची (देशात आल्याच्या सरकारी नोंदीची) छापील प्रत मी एका पाऊचमध्ये ठेवली. त्यातच प्रवासी विम्याचं कार्ड आणि अण्णांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी. आम्हाला कुणी काही विचारलं नाही, पण पाऊच जवळ होता म्हणून मी निश्चिंत होते.

सोमवारी सकाळी सहाला निघालो. आईने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. डिकीत छोटा राइस कुकर, तांदूळ, मूगडाळ, वरई. त्या डोंगराळ गावांत शाकाहारी माणसाला चीज पिझ्झा आणि बटाट्याच्या फोडी याखेरीज दोन दिवसांनी काही सुचत नाही, म्हणून कुकर न्याच.

कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डच्या अलीकडे पाऊस लागला. तिथे आय-८४ हायवे सोडून आय-९१ धरायचा असतो. उजवीकडून ट्रक, डावीकडून गाड्या, काचेवर पाणी. माझे हात स्टिअरिंगला इतके आवळले गेले होते की बोटं पांढरी पडली. तासभर गप्प बसलेले अण्णा तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "शेजारच्या गाडीकडं बघू नको. तुझी लेन बघ, लांबवर बघ. नजर जिथं जाईल तिथं गाडी जाती." मी लांब बघायला लागले आणि खरंच गाडी सरळ झाली, खांदे खाली आले. त्यानंतर पाच दिवसांत त्यांनी मला चारपाचच गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही वाया गेली नाही.

व्हरमॉन्टमध्ये शिरल्यावर पाऊस थांबला. अण्णांनी विचारलं, "इथं जाहिरातीचे फलक का नाहीत गं?" मलाही तोवर लक्षात आलं नव्हतं. या राज्याने १९६८ सालच्या कायद्याने रस्त्याकडेचे मोठे फलक काढून टाकले. त्यामुळे दोन्ही बाजूंना नुसते डोंगर दिसतात, आणि त्या दिवशी त्यांच्यावर पिवळ्या-नारिंगी रंगाचे पट्टे सुरू झाले होते. दर दीड तासाला थांबत थांबत संध्याकाळी पाचला न्यू हॅम्पशायरमधल्या लिंकन गावी पोहोचलो. नुसतं चालवलं तर सहा तासांचा रस्ता आम्हाला अकरा तास लागला. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आणि बाथरूम धरून हाच हिशेब ठेवा. सव्वासहाला सूर्य मावळतो, त्यानंतर या भागात गाडी काढू नका. रस्त्यावर मूस नावाची अवाढव्य हरणं येतात, तशा पाट्याच लावलेल्या आहेत.

मंगळवार कॅन्कामॅगस हायवेसाठी ठेवला होता. राज्य मार्ग ११२चा लिंकन ते कॉनवे हा सुमारे ३४ मैलांचा तुकडा, सगळा राष्ट्रीय वनातून जाणारा. कॅन्कामॅगस हे इथल्या पेनाकूक लोकांच्या सतराव्या शतकातल्या प्रमुखाचं नाव. या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, बहुतेक भागात फोनला रेंजही नाही. लिंकनमध्ये टाकी भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, पाणी घ्या. आणि पाच डॉलरच्या सुट्ट्या नोटा ठेवा. धबधब्यांच्या पार्किंगला गाडीमागे दिवसाला ५ डॉलर लागतात, पण तिथे माणूस नसतो. एक लोखंडी पेटी असते, शेजारी पाकिटं. पाकिटावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहायची, नोट आत घालून पाकीट पेटीत टाकायचं आणि फाडलेली पावती काचेमागे दिसेल अशी ठेवायची. दिवसभर तीच पावती सगळीकडे चालते. अण्णांनी ते पाकीट स्वतः भरलं. नंबर दोनदा ताडून बघितला.

लिंकनकडून चढ सुरू होतो आणि एका ठिकाणी रस्ता केसाच्या पिनेसारखा वळतो. त्या वळणावर जंगल एकदम खाली गेलं आणि समोरचा डोंगर पूर्ण उघडा झाला. मी बाजूला थांबायच्या जागेत गाडी घेतली. आई उतरली, आणि तिने पदर डोक्यावर घेतला, देवळात शिरताना घेते तसा. लाल, शेंदरी, हळदीचा पिवळा, मध्ये स्प्रूसचा काळसर हिरवा. ढगाची सावली डोंगरावरून सरकत होती आणि ती जिथून जाईल तिथला रंग विझून पुन्हा पेटत होता. आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

मग अण्णा म्हणाले, "आपला कुसुंब असाच दिसतो की."

मला आठवलं. फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारांवर कुसुंबाची झाडं लालभडक होतात. लहानपणी एसटीच्या खिडकीतून अण्णा मला दाखवायचे. मी म्हटलं, "अण्णा, पण ती नवी पालवी." ते म्हणाले, "तेच तर. आपल्याकडं पान येताना लाल असतं, इथं जाताना."

हे लाल होणं कसं घडतं ते मी वाचून गेले होते, ते त्यांना सांगितलं. दिवस लहान व्हायला लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं ते परत घेतं. हिरवा उतरला की खाली आधीपासूनच असलेला पिवळा-नारिंगी दिसायला लागतो, बर्च आणि बीच पिवळे होतात ते असे. लाल मात्र आधीपासून नसतो. मेपलची पानं तो त्या शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करतात, पानात उरलेल्या साखरेतून. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण बर्फाइतका नाही, असे दिवस मिळाले की लाल चांगला चढतो. आणि देठाच्या बुडाशी एक पातळ थर धरतो, तिथून पान सुटतं. आईने एक पान उचलून देठाचं टोक बघितलं. खरंच, तिथे जखम नव्हती, टोक भरून आल्यासारखं गुळगुळीत होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुटत नाही, सोडवून घेतं."

माथ्याची खिंड २,८५५ फुटांवर आहे. तिथे वाऱ्याने बरीच पानं उतरवली होती. पलीकडे उतरलो तसा रंग पुन्हा दाट झाला. सॅबाडे धबधब्यापर्यंतची वाट सोपी आहे, आईला काठी घेऊन सहज जमली. रॉकी गॉर्जला तर गाडीपासून थोडंसंच चालून पुलावर जाता येतं. खाली काळ्या-करड्या दगडातून पाणी धावतं आणि त्यावर पिवळी पानं गोल फिरत राहतात. ओल्या पानांवरून पाय घसरतो, त्यामुळे चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट घाला.

परतताना लिंकनकडच्या लांब उतारावर मी सारखी ब्रेक दाबत होते. अण्णांनी नाक वर करून वास घेतला. "उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक तापतो. गिअर खाली घे, इंजिनाला धरू दे." आमची गाडी ऑटोमॅटिक, पण दांडा 'डी'वरून 'एल'वर आणता येतो हे मला माहीत असूनही मी कधी वापरलं नव्हतं. वेग कमी करून आणला. इंजिनाचा आवाज चढला, गाडी आपोआप धरल्यासारखी उतरायला लागली आणि माझा पाय मोकळा झाला. हे कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलने मला शिकवलं नव्हतं. न्यू जर्सीत शिकणाऱ्यांनी डोंगरात जाण्याआधी हे एकदा करून बघावंच.

बुधवारी फ्रँकोनिया नॉच या डोंगरखिंडीतला फ्लूम गॉर्ज. याचं तिकीट वेळेसकट ऑनलाइन आधी काढा, आम्हाला २०२४मध्ये माणशी १८ डॉलर पडलं. सकाळचे पहिले तास लवकर भरतात. फिरून यायला साधारण दोन मैल चालणं आणि खूप पायऱ्या आहेत. आईने पायऱ्यांचं ऐकून स्वतःच सांगितलं, "मी इथं बसते, तुम्ही दोघं जाऊन या." तिला खिडकीशी उन्हात बसवून, थर्मास देऊन आम्ही गेलो. ८०० फूट लांबीची ती घळ, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या सरळ भिंती, मधून लाकडी वाट, खाली पाणी. १८०८ साली जेस गर्न्सी नावाच्या ९३ वर्षांच्या आजी मासे धरायला गेल्या आणि त्यांना ही घळ सापडली, असं सांगतात. अण्णांना हे फार आवडलं. प्रत्येक टप्प्यावर दम खायला थांबले की म्हणायचे, "त्र्याण्णव व्हायला मला अजून एकवीस वर्षं आहेत."

याच खिंडीत डोंगरकड्यावर माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा खडक होता. ३ मे २००३ला तो कोसळला, पण राज्याच्या रस्त्यांच्या पाट्यांवर तोच चेहरा अजून आहे.

दुपारी व्हरमॉन्टला, स्टो गावाकडे. दोन तासांचा रस्ता, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

गुरुवारी मात्र मार्ग १०८ने स्मगलर्स नॉच ही खिंड चढलो आणि हा माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड तास होता. १८०७च्या व्यापारबंदी कायद्यानंतर कॅनडाशी चोरून व्यापार इथून चालायचा, त्यावरून हे नाव पडलं. माथ्याजवळ रस्ता जेमतेम दीड गाडीचा होतो आणि घराएवढाल्या शिळा डांबराला टेकून उभ्या आहेत. पलीकडून येणारं काहीच दिसत नाही. मोठ्या ट्रकना इथे बंदी आहे आणि हिवाळ्यात हा रस्ता बंदच असतो. एका शिळेशी मी थांबले. समोर गाडी आली तर? अण्णांनी काच खाली केली. "ऐक. घाटात आधी कानानं बघायचं." पाण्याचा आवाज, पानांची सळसळ, आणि मग खरंच पलीकडून एका गाडीचा घरघर आवाज. मी थांबून राहिले, ती गाडी निघून गेली, तिच्या चालकाने हात उंचावला. मग अण्णांनी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं. कंडक्टरची डबल बेल. मी गाडी काढली.

खाली आल्यावर सायडर मिलमध्ये गरम सायडर (सफरचंदाचा रस) आणि ताजे सायडर डोनट घेतले. डोनटमध्ये अंडं असतं, आईने नुसतं सायडर घेतलं आणि जायफळ घालायला हवं होतं म्हणाली. पॉम्फ्रेटजवळचं स्लीपी हॉलो फार्म फोटोंमुळे फार प्रसिद्ध झालंय. तिथला रस्ता २०२३पासून या दिवसांत बाहेरच्यांसाठी बंद ठेवतात, कारण लोक खाजगी जागेत शिरायला लागले होते. तिकडे जाऊ नका. तसे शंभर रस्ते मोकळे आहेत.

शुक्रवारी आईचा उठतानाचा उपवास. पहाटे मोटेलच्या खोलीत राइस कुकरमध्ये वरई, वर दाण्याचं कूट आणि दही. अंगणात पडलेली मेपलची पाच पानं तिने निवडून माझ्या डायरीत ठेवली. संध्याकाळी सातला एडिसनला पोहोचलो.

एकूण खर्च साधारण १,१२५ डॉलर झाला. चार रात्रींची एक खोली, दोन मोठ्या पलंगांची, कर धरून ८६०. न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही, पण खोलीवर साडेआठ टक्के कर आहे, तो बुकिंग करताना धरा. पेट्रोल १०२, तिकिटं आणि पार्किंग ४१, बाहेरचं खाणं १२० च्या आसपास. सुरुवातीचे बुडालेले १८६ वेगळे.

शनिवारी दसरा. मी उठेपर्यंत अण्णांनी ड्राइव्हवेत गाडी धुऊन काढली होती. डेपोत दरवर्षी धुवायचे तशी, चाकांच्या आतूनही. बॉनेटवर हळदीकुंकू, समोर झेंडूचा हार. वायपरच्या खाली खाचेत एक लाल पान अडकून आलं होतं, ते त्यांनी तसंच ठेवलं होतं. नवरा म्हणाला, आज अण्णांनाच पुढच्या सीटवर बसवून देवळात नेऊ, मी चालवतो. अण्णांनी मान हलवली. वाकून चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं, कंबरेला हात लावून सरळ झाले, किल्ली माझ्या हातात दिली आणि बाजूला होत म्हणाले, "हं. घे पुढं."